कमरेचा सीमाप्रश्न

गाडीतून उतरायलाही तंत्र लागतं, हे मला वयाच्या चोपन्नाव्या वर्षी निपाणीत कळलं. दार उघडलं. डावा पाय बाहेर टाकला. पुढे काहीच घडेना. उरलेला मी आतच होतो. तेवढ्यात कॉलेजची दोन पोरं थांबली आणि एकाने मोबाईल काढला. मला वाटलं, मदतीला कुणाला तरी बोलावतोय. तो म्हणाला, "काका, जरा बाजूला व्हा की ओ, गाडीचा फोटो काढायचाय."

बाजूला होता येत असतं तर ही गोष्टच झाली नसती.

गाडी माझी नव्हे, मेहुण्याची. सॅन स्टॉर्म. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात तयार झालेली आपली देशी स्पोर्ट्स कार. बसायला दोनच जागा, अंग फायबरचं, पोटात रेनोचं १.२ लिटरचं इंजिन. रस्त्यावर क्वचितच दिसते, त्यामुळे दिसली की लोक वळून बघतात. मेहुण्याने ती म्हापशात जुनी घेतली आणि पुण्यापर्यंत सोबत म्हणून मला नेलं. "दाजी, टप उघडून येऊ, मस्त हवा लागेल." हवा लागली. धक्केही लागले, पण ते सगळे एकाच ठिकाणी.

यात गाडीचा दोष नाही. वीस-पंचवीस वर्षांत माणसाचं काय होतं ते आपण आरशात बघतोच, सीटमधल्या फोमचंही तेच होतं. वरून कातडी तुकतुकीत, आत सगळं बसलेलं. शिवाय स्पोर्ट्स कारमध्ये आपण बसत नाही, जमिनीलगत पाय समोर ताणून पसरतो. असे पाय ताणले की मांडीमागचे स्नायू बैठकीचं हाड पुढे ओढतात आणि कमरेची आत वळलेली कमान सपाट होते. स्वीडनमधले अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला होता. उभ्या माणसाचा दाब १०० धरला तर टेका न घेता बसलेल्याचा १४० आणि पुढे वाकून बसलेल्याचा १८५. म्हणजे बसणं हा आराम नव्हेच. त्याच देशातल्या व्होल्वोने साठच्या दशकातच सीटच्या पाठीत कमरेचा कमी-जास्त करता येणारा टेका बसवला होता. आपल्याकडे तेव्हा ड्रायव्हरच्या कमरेला पंचा गुंडाळून द्यायची पद्धत होती, आणि खरं सांगायचं तर तीही वाईट नव्हती.

पण पंचा मेहुण्याला कमीपणाचा वाटला. सावंतवाडीत त्याने मेडिकलमधून बी.पी. मोजायचा पट्टा आणला, त्यातली रबरी पिशवी काढून माझ्या कमरेमागे सरकवली आणि दाबायचा फुगा माझ्या हातात दिला. हसू नका. महागड्या गाड्यांच्या सीटमध्ये हवेच्या पिशव्याच असतात, फुग्याऐवजी बटण असतं इतकंच. आंबोली चढेपर्यंत मी स्वर्गात होतो. आजऱ्यापासून मात्र दर खड्ड्यानंतर दोन दाब द्यावे लागले. गडहिंग्लज मागे पडलं आणि पाठीमागे लांबलचक 'फुस्स' झालं. शेजारी मोटारसायकलवरची बाई माझ्याकडे अशा नजरेने बघून पुढे गेली, की खुलासा करायची सोयच राहिली नाही. मेहुणा म्हणाला, "दाजी, तुमचं बी.पी. शून्य."

संकेश्वरला हायवेला लागलो. तवंदी घाट उतरताना माझी कंबर धरली ती धरलीच. कमरेचे मणके पाच. पाचव्याच्या खाली त्रिकास्थी सुरू होतं आणि चकत्यांची बहुतेक भांडणं चौथ्या-पाचव्याच्या मध्ये नाहीतर या हद्दीवरच लागतात. नेमक्या तशाच हद्दीवरच्या गावात मी अडकलो. १९५६ पर्यंत निपाणी मुंबई राज्यात होती, नोव्हेंबरात म्हैसूरमध्ये गेली आणि तेव्हापासून दुखतंच आहे. गाव कर्नाटकात, पण गावाला चिकटलेलं अर्जुननगर महाराष्ट्रात, कागल तालुक्यात. देवचंद कॉलेज तिथेच. पोरं कर्नाटकात नाश्ता करून चालत महाराष्ट्रात शिकायला जातात. गाडीच्या फोटोसाठी थांबलेली पोरंही तिथलीच निघाली आणि त्यांनीच मला बाहेर ओढून काढलं.

चहाच्या टपरीवर सल्ल्यांना तोटा नव्हता. मेहुणा 'दाजी, दाजी' करत होता, म्हणून पाच मिनिटांत अख्खा चौक मला दाजी म्हणू लागला. शेजारच्या तंबाखूवाल्याने जर्द्याची भरलेली पिशवी आणून दिली. "टेकून बघा की दाजी, आमचा बा ह्यावरच झोपायचा." टेकलो. कंबर खूश झाली, पण जर्द्याची धूळ नाकात गेली आणि मी शिंकलो. कंबर धरलेल्या माणसाने शिंकू नये. यापेक्षा जास्त सांगणार नाही.

शेवटी कुणीतरी म्हणालं, "मामांकडं न्ह्या."

मामा म्हणजे सत्तरीचे गृहस्थ. ट्रॅक्टरच्या, ट्रकच्या आणि वडापच्या जीपांच्या सीटा करणारे. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "ह्यात माणसं बसत्यात?" मग सीटवर गुडघा दाबला. तो खोल गेला.

"पाठीला काय बी झालं न्हाई पावणं. बूड खचलंय. आधी बूड उचलाय लागतंय, मग पाठ."

आम्ही दोघे सकाळपासून पाठीमागे काय ठेवायचं याचाच विचार करत होतो. मामांनी सीट काढून उलटी केली, पकडीने कड्या तोडल्या, कव्हर सोललं. आतून पिवळा भुगा पडला. सोबत एक कंगवा, चार आण्याचं नाणं आणि वितळून पुन्हा घट्ट झालेली लिमलेटची गोळी. खालचे रबरी पट्टे झोळीसारखे लोंबत होते. त्यांच्या जागी ट्रकच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून आडव्या-उभ्या ताणून बसवल्या. त्यावर मागच्या बाजूला जरा जाड असा चिपफोमचा थर, त्यावर चाळीस डेन्सिटीचा फोम. मेहुणा म्हणाला, "अजून दोन इंच वाढवा, गुबगुबीत होऊ दे." मामा म्हणाले, "वाढवतो की. टप लावला की दाजींचं डोस्कं बाहेर काढायला भोक पाडाय लागंल."

मग पाठ. मला नुसत्या सांगाड्यावर बसवलं आणि मागून हात घालून खडूने पॅन्टच्या पट्ट्याच्या उंचीवर सदऱ्यावर रेघ मारली. "टेका हितं. लोकं मधी पाठीला लावत्यात, मग माणूस पोक काढतंय." तीच रेघ सीटवर उतरवली. माझी अपेक्षा होती लोडासारखी काहीतरी गुंडाळी. त्यांनी कापला तो तुकडा जेमतेम बोटभर जाड. हॅक्सॉच्या ब्लेडने त्याच्या कडा अशा तासल्या की हात फिरवला तर टेका कुठे सुरू होतो ते समजेना. "टोचला तर समजायचं जास्त झालाय. कळला न्हाई तर बरोबर."

काम चालू असताना बसण्यावरूनच विषय निघाला. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी याच हायवेवर तीन आठवडे ठाण मांडून बसले होते. ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात त्यातले काही गेले. मामा तेव्हा तिथे होते. "डांबरावर," एवढंच म्हणाले आणि दाभण ओवू लागले. त्यानंतर मी माझ्या कमरेचं कौतुक जरा आवरतं घेतलं.

दोन्ही सीटांना चार तास लागले. मजुरी आणि माल मिळून एकवीसशे रुपये. बी.पी.च्या पट्ट्याचे पैसे मेहुण्याने या हिशोबात धरलेले नाहीत. निघताना मामांनी सीटची पाठ एक खाच मागे टेकवली आणि बजावलं, "ताठ बसू नका, तासाला एकदा उतरा." वेदगंगा गेली, कोगनोळीचा टोलनाका गेला, दूधगंगा ओलांडून कागल आलं, आणि मी आपणहून, आधी डावा, मग उजवा असे दोन्ही पाय टाकून उतरलो. बघायला कुणी नव्हतं.

जुन्या गाडीच्या सीटसाठी कधी निपाणीला गेलात तर सदरा जुना घाला. खडूची रेघ तीन धुण्यांनंतरही तशीच आहे आणि बायको अजून विचारते, पाठीवर हात कुणी ठेवला होता?