सायडिंगला कोण थांबतं?

शिकागो
दसऱ्यानंतरचा रविवार



बाबा, मागच्या फोनवर तुम्ही विचारलंत, "विलायतेची रेल्वे चांगली की अमेरिकेची?" आणि मी तोंड उघडायच्या आत नवापूर नाक्यावरच्या रिक्षावाल्याशी भाड्यावरून बोलू लागलात. म्हणून हे पत्र. उत्तर द्यायला तुमचे जावई एका पायावर तयार होते, पण त्यांचं उत्तर इंजिनाच्या अश्वशक्तीपासून सुरू होतं आणि ब्रेकच्या दाबापर्यंत पोचेस्तोवर ऐकणाऱ्याचं जेवण निवतं.

माझी कसोटी साधी आहे, आणि ती तुमच्याकडूनच आलेली. लहानपणी तुमच्याबरोबर शटलनं मुंबईला जाताना गाडी मध्येच बाजूला काढली की तुम्ही पेपरातून मान वर न करता सांगायचात, मागून कुठली मेल येतेय ते. सायडिंगला कोण थांबतं ते बघायचं, म्हणजे रेल्वे कोणाची ते कळतं.

इंग्लंडमधल्या क्रू गावी राहत होतो तेव्हा उत्तर सोपं होतं. विलायतेत माणसं पुढे, माल मागे. मालगाड्या रात्रीच्या नाहीतर बाजूच्या लूपला टाकलेल्या. त्यांच्या गाड्या मुळात बुटक्याच. इंग्रजांनी सगळ्यांच्या आधी रेल्वे बांधली, म्हणून पूल आणि बोगदे त्या काळच्या मापाचे. पुढे जगानं डबे मोठे केले, यांचे बोगदे तेवढेच राहिले. साडेनऊ फुटी कंटेनर जावा म्हणून इप्सविचच्या बोगद्यात २००४ मध्ये रूळच खाली घ्यावे लागले. दुमजली लोकल त्यांनी एकदाच करून पाहिली. १९४९ मध्ये बुलिड नावाच्या इंजिनियरनं लंडनसाठी ती बनवली, आणि उंची वाचवायला वरची बाकं खालच्यांच्या मधल्या फटीत बसवली. लोकांना चढाउतरायला इतका वेळ लागे की प्रकरण दोन गाड्यांपुढे गेलं नाही, आणि १९७१ मध्ये त्याही मोडीत निघाल्या. आपली फ्लाइंग राणी १९७९ पासून २०२३ पर्यंत दुमजली धावत होती, हे मी क्रूच्या फलाटाच्या टोकाला वही आणि थर्मास घेऊन बसणाऱ्या एका आजोबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे वहीत लिहून घेतलं आणि डब्यांची संख्या विचारली. ती तुमच्या जावयांना पाठ होती. त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा थर्मास आला.

तिथल्या उशिराची तर मोठी शिस्त. १९९३ च्या कायद्यानं रेल्वेची वाटणी झाली: रूळ एकाचे, डबे दुसऱ्याचे, गाडी चालवणारा तिसरा. वाटणी झालेल्या वाडीत सामायिक विहिरीवरून जे होतं, तेच मग उशिरावरून सुरू झालं. गाडीला तीन मिनिटं उशीर झाला की तो कोणाच्या खात्यावर टाकायचा, हे ठरवायला पगारी माणसं बसतात. प्रवाशालाही वाटा मिळतो. बऱ्याच कंपन्यांकडे पंधरा मिनिटं उशीर झाला तर चौथाई भाडं परत, अर्ध्या तासाला निम्मं, तासाला पूर्ण. बाबा, हा नियम आपल्या बोईसर स्टेशनला असता तर तुमच्या नोकरीच्या वर्षांत नवापूरच्या घरावर दुसरा मजला चढला असता. आता २०२४ चा कायदा करून प्रवासी गाड्या चालवणं पुन्हा सरकारकडे घेणं चाललंय.

आणि उशीर कशानं, तर झाडांच्या पानांनी! शरद ऋतूत पानं रुळावर पडतात, चाकाखाली चिरडून त्यांचा गुळगुळीत थर होतो आणि चाकं घसरतात. तो थर धुवायला पाण्याचे फवारे मारणाऱ्या खास गाड्या आहेत. कारण अगदी शास्त्रीय आहे, पण वैतरणेला पूर आलेला असताना भिजत ऑफिस गाठणाऱ्या माणसाच्या मुलीला ते पटवून घ्यायला जड गेलं. नाताळच्या दिवशी तर देशभरात जवळजवळ एकही गाडी धावत नाही. दुरुस्तीचे मोठे मेगाब्लॉक त्याच मुहूर्तावर. गणपतीत कोकणात एकही गाडी सोडायची नाही असं कोणी ठरवून तर बघावं.

वन्सं डब्लिनला असतात, त्यांच्याकडे गेलो तेव्हा आयर्लंडही बघून झालं. तिथे मालगाडीसाठी सायडिंगला सहसा कोणीच थांबत नाही, कारण मालगाड्याच मोजक्या. पण त्यांच्या रुळांची गोष्ट फार गोड आहे. सुरुवातीला तिथे तीन कंपन्यांची तीन मापं. डब्लिन–किंग्जटाउनच्या १८३४ च्या रेल्वेचं चार फूट साडेआठ इंच, उत्तरेकडच्या अल्स्टरवाल्यांचं सहा फूट दोन इंच, तिसऱ्यांचं पाच फूट दोन इंच. वाद लंडनला गेला. तिथल्या एका सेनाधिकाऱ्यानं सगळ्यांची साधारण सरासरी काढून पाच फूट तीन इंच ठरवलं, असं सांगतात, आणि १८४६ मध्ये तोच कायदा झाला. म्हणजे कोणाचंच माप खरं ठरलं नाही आणि कोणी रुसायलाही जागा उरली नाही. आपल्या बोईसरच्या रुळांहून ते फक्त तीन इंच कमी. वन्संच्या यजमानांना मी हे सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हणजे इथे बसायला जागा मिळते ती तीन इंच कमी असल्यामुळे का?"

आता अमेरिका. इथे सगळं उलटं. बहुतेक रूळ मालगाडीच्या कंपन्यांचे आणि माणूस त्यावर पाहुणा. शिकागोच्या पश्चिमेला ऑरोराकडे जाणारे रूळ बीएनएसएफचे, आणि त्या कंपनीचं नियंत्रण केंद्र टेक्सासात फोर्ट वर्थला. लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्या चालवण्यात कंपन्यांना रस राहिला नाही, म्हणून १९७१ मध्ये सरकारला ॲमट्रॅक ही प्रवासी गाड्यांची कंपनी काढावी लागली. लॉस एंजेलिस ते न्यू ऑर्लिन्स गाडी आठवड्यातून तीनदाच. बाबा, म्हणजे गाडी चुकली तर "पुढची किती वाजता?" असं विचारायचं नाही, "कुठल्या वारी?" असं विचारायचं.

आणि गंमत ऐका. प्रवासी गाडीला मालगाडीच्या आधी जाऊ द्यायचं, असा इथे १९७३ पासून कायदाच आहे. पण एकेरी मार्गावर समोरून गाडी आली की कोणीतरी सायडिंगला जायला हवं, आणि मालगाड्या इतक्या लांब झाल्यात की त्या सायडिंगमध्ये मावतच नाहीत. तीन-तीन किलोमीटरची गाडी, इंजिन बोईसरला असेल तर शेपूट उमरोळीच्या वाटेवर! मग मावते कोण? प्रवासी गाडी. तीच बाजूला सरकते. कायद्याचा मान राखला जातो, गाडीचा नाही. या कायद्यासाठी सरकार १९७९ मध्ये एकदा कोर्टात गेलं होतं, त्यानंतर थेट २०२४ मध्ये. उन्हाळ्यात आम्हीही असेच एका रात्रगाडीनं जाताना मक्याच्या शेतात अडकलो होतो. समोरून मालगाडी संपता संपेना. डब्यातले लोक उसासे टाकत होते आणि तुमचे जावई काचेला नाक लावून डबे मोजत होते. गाडी गेल्यावर त्यांनी आकडा मोठ्यानं जाहीर केला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

फाटकांची तर वेगळीच कथा. विलायतेत रुळांना कुंपण घालणं रेल्वेवर कायद्यानं बंधनकारक, त्यामुळे गुरं आणि माणसं बाहेर. इथे मैलोन्‌मैल कुंपण नाही. काही गावांत गाडी चक्क भर रस्त्यातून जाते. फाटक आलं की दोन लांब, एक आखूड, एक लांब असा भोंगा वाजवायचा, रात्री दोन वाजले असले तरी. जी गावं फाटकं नीट बांधून घेतात त्यांना तो बंद करून मिळतो. लांब मालगाडी गावात उभी राहिली तर गावाचे दोन तुकडे होतात. इंडियानातल्या हॅमंडमधली शाळकरी पोरं उभ्या मालगाडीखालून सरपटत शाळेत जात होती, हे २०२३ मध्ये इथल्या बातम्यांत दाखवलं. आई, तू आम्हाला बोईसरला रूळ ओलांडल्याबद्दल धपाटे घालायचीस, ते बघून मला माझी पाठ आठवली.

पण नुसती नावं ठेवायची नाहीत. एकावर एक कंटेनर चढवलेली तीन किलोमीटरची गाडी एका वेळी दोनच माणसं चालवतात, हे विलायतेला सात जन्मांत जमायचं नाही. इथून पश्चिमेला रोशेल नावाचं गाव आहे. तिथे दोन बड्या मालगाडी कंपन्यांचे रूळ एकमेकांना छेदतात, आणि गावानं ते बघत बसायला छप्पर घातलेली बाग केली आहे. इतर बायका नवऱ्याबरोबर मिशिगन तळ्यावर जातात.

आता आपलं. डावीकडून गाडी, उंच फलाट, हिरवा झेंडा दाखवणारा गार्ड, हे सगळं इंग्रजांचं. १९६२ पासून आलेली ती धूर ओकणारी डिझेल इंजिनं अमेरिकेच्या आल्को कंपनीची.  पण सायडिंगचा नियम कोणाचाच नाही, तो शुद्ध देशी. राजधानी पुढे, वंदे भारत पुढे, गुजरात मेल पुढे. थांबायचं डहाणू लोकलनं. विलायतेत माणूस पुढे, अमेरिकेत माल पुढे, आपल्याकडे मोठा माणूस पुढे. विरार–डहाणू चौपदरीकरण पुरं झालं आणि मालगाड्या त्यांच्या नव्या वेगळ्या मार्गानं जाऊ लागल्या, की डहाणू लोकलला कोणासाठी थांबवणार, ते मला बघायचंय. काहीतरी शोधतीलच.

तो मालगाड्यांचा मार्ग मात्र बघण्यासारखा आहे, असं हे म्हणतात. दीड हजार किलोमीटर, दिल्लीजवळच्या दादरीपासून जेएनपीटी बंदरापर्यंत, आणि तारा इतक्या उंच की खालून दुमजली कंटेनर जातो. २०२१ च्या जानेवारीत राजस्थानकडच्या टप्प्यावर तशी गाडी विजेवर धावली. अमेरिकेत या गाड्या अजून डिझेलवरच चालतात.

डिसेंबरात येतोय. विमानतळावर गाडी पाठवू नका, आम्ही विरारहून डहाणू लोकल पकडू. नातवाला दारात उभं राहायचं नाही असं बजावून ठेवलंय; त्याच्या बाबांना तेवढं तुम्ही बजावा, माझं ऐकत नाहीत. आई, सुके बोंबील आणून ठेव, पण आमच्या बॅगेत गुपचूप भरू नकोस. इथल्या कस्टमचा कुत्रा मागच्या वेळी आमच्याकडे बघून शेपूट हलवत होता.

तुमची लाडकी

ता.क. (जावयांच्या अक्षरात) बाबा, नवीन मार्गाचे खांब बोईसरच्या उड्डाणपुलावरून दिसतात का? सकाळचं ऊन कुठल्या बाजूनं येतं तेही बघून ठेवा, फोटोसाठी. हिला सांगू नका.