तारेवरचे अण्णा

सोलापूर-पुणे अंतर अडीचशे किलोमीटर आहे, असं सरकार म्हणतं. आमच्या शेजारच्या अण्णांच्या हिशेबानं ते दीडशे कोतवाल भरतं. थंडीत थोडं वाढतं.

बँकेतून निवृत्त झाल्यावर अण्णांनी नोटा मोजायचं सोडलं आणि विजेच्या तारांवरचे पक्षी मोजायला घेतले. स्टीअरिंग अण्णांकडं, वही काकूंकडं. मी मागच्या सीटवर, कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा मांडीवर घेऊन, साक्षीदार.

सावळेश्वरचा टोलनाका मागं पडला की हजेरी सुरू होते. "लिही. कोतवाल. कोतवाल. खाटीक. अगं, नीलपंख गेला की!" काकूंच्या वहीत को, को, खा, नी अशी बाराखडी उमटत जाते. वेड्या राघूचं 'वे. रा.' लिहिताना मात्र त्या एकदा ड्रायव्हरकडं बघून घेतात.

एकदा मी चुकून म्हणालो, "अण्णा, तो लहानसा तपकिरी पक्षी कुठला ओ?" अण्णांनी आरशातून माझ्याकडं बघितलं. "मारुती चितमपल्लींच्या गावची माणसं आपण. त्यांनी अख्खा पक्षीकोश लिहून ठेवला, आणि तुम्ही 'लहानसा तपकिरी' म्हणताय व्हय? चंडोल होता तो." ऐंशीच्या स्पीडला अण्णांची कधीच चूक होत नाही. शंका येतात त्या गाडी उभी राहिल्यावर.

मोहोळच्या पुढं असंच झालं. "कापशी!" अण्णा ओरडले. एका जागी पंख फडफडवत थांबायची कापशीची खास लकब त्यांनी ओळखली होती. मध्ये दुभाजक. पुढच्या पुलाखालून वळून, मागं जाऊन, परत वळून सहा किलोमीटरनं आम्ही तिथंच आलो. बाभळीला अडकलेली पांढरी पिशवी अजून फडफडत होती. अण्णांनी बराच वेळ दुर्बीण लावली.

"पिशवी आहे ओ," काकू म्हणाल्या.

"आता आहे," अण्णा म्हणाले.

ज्या लग्नाला निघालो होतो, त्याच्या अक्षता अर्थातच चुकल्या. पण भिगवणला रोहित बघायला अण्णा थांबले नाहीत. "बोटीत बसवून दाखवलेला पक्षी म्हणजे पंगतीत वाढलेला लाडू. त्यात आपलं कर्तृत्व काय?"

येताना मात्र ते टेंभुर्णीला हायवे सोडतात आणि बार्शी-वैरागवरून वाकडी वाट करून नान्नजला येतात. इथलं माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं तेव्हा ८,४९६ चौरस किलोमीटरचं होतं. गावंच्या गावं, शेतं, बाजार सगळं आत. माणूस जणू पक्ष्याच्या घरात भाडेकरू. पुढं ते आक्रसून १,२२२ वर आलं. माळढोक तर इतका आटला, की एखादा दिसला तरी पेपरात बातमी येते.

अण्णा माळाकडेला गाडी लावतात, इंजिन बंद करतात, काच खाली घेतात. दिवसभर टकळी चालवणारा माणूस दहा मिनिटं गप्प. गवत तेवढं हलत असतं.

परवा उशीर झाला होता, म्हणून काकूंनी बार्शीतच वहीत लिहून टाकलं : माळढोक – ०. नान्नजला अण्णांनी वही मागितली आणि ते शून्य खोडलं.

"शिल्लक बघायच्या आधी शून्य लिहायचं नसतं गं."

दहा मिनिटांनी काकूंनी ते परत लिहिलं.