आपल्या रात्रपाळीस साष्टांग नमस्कार

सन्माननीय डॉक्टरसाहेबांस,



चौकात आपला भला मोठा फ्लेक्स लागला आहे. रुग्णसेवेचे व्रत घेतल्याबद्दल आपला सत्कार झाला, शाल-श्रीफळ मिळाले, आणि आपण हात जोडून, मान किंचित झुकवून उभे आहात. प्रत्यक्ष येऊन अभिनंदन करायचे राहून गेले, म्हणून हे पत्र. ते खुले लिहिते आहे, कारण आपल्यासारख्या सेवाव्रतींचे गुण चार भिंतींत झाकून राहू नयेत.

आपले पहिले उपकार काउंटरवरचे. माझी आई न्हाणीत घसरली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. स्ट्रेचरवर ती कण्हत असताना आपल्या माणसाने विचारलेला पहिला प्रश्न होता, "मेडिक्लेम आहे का?" नाही म्हटल्यावर डिपॉझिटचा आकडा आला. भाऊ एटीएममधून पैसे घेऊन परत येईपर्यंत आई त्याच स्ट्रेचरवर, जाण्यायेण्याच्या वाटेत पडून होती. वेदना नंतर, पावती आधी, ही आपली शिस्त पाहून आम्ही भारावून गेलो.

ऑपरेशनबद्दल मात्र खरोखरचे आभार. जिल्ह्याच्या गावाहून आलेल्या हाडांच्या डॉक्टरांनी काम चोख केले. एक्स-रे पाहून दुसऱ्या डॉक्टरांनीही तेच सांगितले. हाडांचे डॉक्टर हात धुऊन गाडीत बसले आणि आई सर्वस्वी आपल्या स्वाधीन झाली. माझे सारे म्हणणे तिथून पुढचे आहे. खुब्याच्या ऑपरेशननंतर म्हातारी माणसे उठतात की अंथरुणाला खिळतात, हे पुढच्या शुश्रूषेवर ठरते. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ कोरडी ठेवायची, लघवीच्या पिशवीकडे बघायचे, रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून दिलेले इंजेक्शन वेळेवर टोचायचे, शक्य तितक्या लवकर उठवून बसवायचे. यात मोठे यंत्र लागत नाही. शिकलेले आणि जागे असलेले माणूस लागते.

ते माणूस आपण किती काटकसरीने पुरवता! रात्री दहानंतर दोन मजल्यांना मिळून एक मुलगी. गुलाबी ड्रेस, छातीवर पिनेने लावलेला 'सिस्टर' असा बिल्ला. वय एकोणीस-वीस. शिक्षण बारावी, कला शाखा. नर्सिंगचा कोणताही कोर्स तिने केलेला नाही. आपल्याकडे आल्यावर आधीच्या मुलीने इंजेक्शन भरायला शिकवले, तिला तिच्या आधीच्या मुलीने शिकवले होते. आपण गुरुकुल चालवता, हे फ्लेक्सवर छापायचे राहिले.

एका पहाटे आई हात जड झाल्याचे सांगू लागली. मी दिवा लावला. सलाईनची सुई शिरेतून निसटली होती आणि पाणी हातातच साठत होते. मनगटापासून पेरांपर्यंत हात तट्ट फुगलेला, कातडी ताणून चकाकत होती, स्पर्श गार. चिकटपट्टी मांसात रुतली होती आणि बोटातली अंगठी सूज दोन्ही बाजूंनी चढल्यामुळे दिसेनाशी झाली होती. मुलगी धावत आली. थेंब अडकत पडताहेत एवढेच तिला दिसले, म्हणून तिने चाक फिरवून थेंब वाढवले. आई किंचाळली. तेव्हा ती मुलगी घाबरली, दोन पावले मागे सरली आणि तिने आपल्याला फोन लावला.

आपण दुसऱ्यांदा रिंग झाल्यावर उचललात, ही आपली मेहेरबानी. झोपेतल्या आवाजात आपण "काढून टाक, दुसऱ्या हाताला लाव" म्हणालात आणि मला फोनवर घेऊन म्हणालात, "ताई, टेन्शन घेऊ नका." उंटावरून शेळ्या हाकणे आजवर नुसते ऐकले होते, त्या पहाटे प्रत्यक्ष पाहिले. दुसऱ्या हाताची शीर तिला चार ठिकाणी टोचूनही सापडली नाही. मीच तिला थांबवले. सकाळी दहाला आपण राऊंडला आलात, हात पाहिलात, आणि तीन मिनिटांत पुढच्या कॉटकडे गेलात. त्या तीन मिनिटांचा व्हिजिट चार्ज बिलात आहे.

साहेब, माझी तक्रार त्या मुलीबद्दल नाही, हे जाड ठशात वाचा. आईचा सुजलेला हात उशीवर उंच धरून ती उजाडेपर्यंत कॉटशेजारी बसली होती. आदल्या सकाळपासून ती ड्युटीवर होती, कारण दुसरी मुलगी आली नव्हती. सात हजार पगार, तोही पंधरा तारखेनंतर. ती मला हळूच म्हणाली, "ताई, सरांना सांगू नका, पगार कापतील." आपल्या तीन मजल्यांत जी काही माया आम्हाला मिळाली, ती त्या मुलीची. तिच्या अंगावर आपण एक बिल्ला अडकवला आणि ज्या कामाला शिक्षण लागते ते तिच्या माथी मारले. उद्या कुणाचा जीव गेला, तर नातेवाइकांचा पहिला हात तिच्यावरच पडेल. तेव्हाही आपण फोनवरच असाल.

परिचारिका व्हायचे तर एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन वर्षांचा, आणि त्यानंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी. आपल्या कॅबिनमध्ये गणपतीच्या तसबिरीशेजारी शुश्रूषागृहाच्या नोंदणीचे जे प्रमाणपत्र चौकटीत लावले आहे, ते ज्या कायद्याखाली मिळते तो १९४९ चा आहे. शुश्रूषागृहात पात्र परिचारिकांचे योग्य प्रमाण नसेल तर नोंदणी नाकारता येते, असे त्यातच लिहिलेले आहे. म्हणजे ही अट आपल्या जन्माआधीची असावी. नोंदणीसाठी दाखवायला कुणा शिकलेल्या सिस्टरची कागदपत्रे आपल्याकडे असतीलच. आम्हाला त्या सिस्टर एकदाही दिसल्या नाहीत. त्यांना माझा नमस्कार कळवावा.

रमाबाई रानडे यांचे नाव आपण ऐकले असेल. पुण्यात १९०९ मध्ये त्यांच्या पुढाकाराने सेवासदन उभे राहिले, आणि परक्या माणसाच्या अंगाला हात लावणे बाईमाणसाला शोभत नाही असे म्हणणाऱ्या समाजात त्या संस्थेने बायकांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घ्यायला पाठवले. त्यात विधवा होत्या, टाकलेल्या बायका होत्या. त्यांनी शिव्याशाप सोसून हे काम शिकून घेतले, कारण ते शिकल्याशिवाय येत नाही. शंभर वर्षांनंतर आपण ते शिक्षणच अनावश्यक ठरवलेत. केवढी ही प्रगती!

आईच्या माकडहाडावर आधी लाल डाग दिसला. मी तो त्या दिवशीच दाखवला होता. "पावडर लावा," असे उत्तर मिळाले. कूस बदलायला आम्ही दोघे भावंडे आणि शेजारच्या कॉटवरच्या आजींची सून, एवढेच. ऑपरेशनचा पाय कसा धरायचा, पायांत उशी कुठे ठेवायची, हे आम्हाला कुणी सांगितले नाही, म्हणून हात लावायचीही भीती वाटायची. डागाची जखम झाली. डिस्चार्जच्या दिवशी ती रुपयाएवढी होती. टाके पुष्कळ आधी सुकले. बेडसोअरचे ड्रेसिंग घरी अजून चालू आहे. खुब्याच्या दुखण्याने आई एकदा रडली, या जखमेने रोज रडते.

आणि तरीही आपल्या बिलात 'नर्सिंग चार्जेस' ही ओळ दररोज आहे, एक दिवसही चुकलेली नाही. बेडपॅन देणाऱ्या मावशींना आम्ही हातावर पैसे ठेवत होतो, ते वेगळे. बिल आधी पॅडवर कच्चे मिळाले. पक्के मागितल्यावर काउंटरवरचा मुलगा असा पाहू लागला, जणू मी त्याची किडनी मागितली. आईच्या केस पेपरची प्रत मागितली तर "ते हॉस्पिटलचं असतं" म्हणाला. वैद्यकीय व्यावसायिकांच्या २००२ च्या आचारनियमांत मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्यात असे आहे. आपण डॉक्टर आहात, आपल्याला ते ठाऊक असणार. त्या मुलालाही सांगून ठेवावे.

औषधांबाबत आपली काळजी तर वेगळ्याच प्रतीची. समोरच्या मेडिकलमध्ये तेच इंजेक्शन स्वस्त होते. ते आणले तर "बाहेरच्या औषधाची आम्ही गॅरंटी घेत नाही" म्हणून परत पाठवले. औषध कुठून घ्यायचे हे ठरवण्याचा हक्क रुग्णाचा आहे, असे राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत आहे. शुश्रूषागृहांसाठीच्या राज्याच्या २०२१ च्या सुधारित नियमांनी तर रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दोन्ही दर्शनी भागात लावायला सांगितले आहे. आपल्या दर्शनी भागात आपले तीन फोटो आहेत. त्यातला एक काढला तरी जागा होईल.

मागच्या जिन्याबद्दल थोडेसे. त्यावर मोडक्या कॉटा रचल्या आहेत आणि खालच्या दाराला साखळी-कुलूप आहे. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ ला मध्यरात्रीनंतर नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा तान्ही बाळे गेली. आगप्रतिबंधक यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते, असे राज्याचा २००६ चा कायदा सांगतो. आपण ते देतही असाल. पण रात्री धूर झाला, तर वरच्या मजल्यावरच्या पायाला प्लास्टर असलेल्या माणसांना ती एकटी मुलगी कुठून खाली आणणार? त्या कुलपाची किल्ली कुणाकडे असते, हे मी तिला विचारले. तिला माहीत नव्हते.

तुमची अडचण मला कळत नाही असे नाही. शिकलेल्या सिस्टर तालुक्याच्या गावी टिकत नाहीत, पुण्या-मुंबईला जातात, सरकारी जागा निघाली की सोडून जातात. कर्जाचे हप्ते असतात, विम्याचे पैसे महिनोन्‌महिने अडकतात. ग्रामीण रुग्णालयात हाडांचा डॉक्टर नाही आणि तुम्ही नसाल तर आम्हाला मध्यरात्री शंभर किलोमीटर जावे लागेल, हेही खरे. म्हणूनच तुमच्याकडे आलो. पण या अडचणींतून सोनोग्राफीचे नवे मशीन आले, तिसरा मजला चढला, काचेची लिफ्ट आली. अडचण आडवी आली ती फक्त रात्रीच्या सिस्टरच्या पगाराला. शिकलेले माणूस मिळत नाही हे आम्हाला ॲडमिट करतानाच सांगितले असते, तर आम्ही काही ठरवू शकलो असतो. तुम्ही सांगितले नाही. बिल्ला लावलात आणि पैसे घेतलेत. याला फसवणूक म्हणतात.

आता विनंती. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात मी लेखी तक्रार दिली आहे, सोबत बिल, आईच्या हाताचे आणि पाठीचे फोटो जोडले आहेत, आणि पोच घेतली आहे. त्यामुळे माझ्या घरी कुणाला समजूत घालायला पाठवण्याचे कष्ट घेऊ नयेत. प्रत्येक मजल्यावर रात्री एक नोंदणीकृत सिस्टर नेमा. तिचे नाव आणि नोंदणी क्रमांक फळ्यावर लिहा. मागच्या जिन्याच्या कॉटा आजच हलवा.

आणि त्या मुलीला या पत्रावरून कामावरून काढू नका. बारावी कला शाखेवर एएनएमला प्रवेश मिळतो. तिला पाठवा, दोन वर्षांची फी तुम्ही भरा. आमच्या बिलातले नर्सिंग चार्जेस त्यासाठी वापरलेत, तर मी ते परत मागणार नाही.

हे पत्र वाचणाऱ्या गावकऱ्यांना एकच सांगणे. आपले माणूस ॲडमिट करताना डॉक्टर कोण हे आपण सगळेच विचारतो. रात्री सिस्टर कोण आहे, तिचे शिक्षण काय आणि तिच्याकडे किती पेशंट आहेत, हेही विचारा. डिपॉझिट भरण्याआधी विचारा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
दुसऱ्या मजल्यावरच्या एका पेशंटची मुलगी