सामाईक विहीर

मे महिन्यात रत्नागिरीत किती उकडतंय हे सांगायला संगणक लागत नाही. पण माझ्या लिनक्सवाल्या डब्याचे पंखे अपरात्री केकाटायला लागले, तेव्हा त्याचा ताप मोजावा असं मनात आलं. 'सेन्सर्स-डिटेक्ट' चालवलं. चिप सापडली, ड्रायव्हर मात्र हलेना. कर्नलने नोंद करून ठेवली होती : या पत्त्यावर फर्मवेअरचा हक्क आहे, त्याचा ड्रायव्हर असल्यास तो वापरावा. 'असल्यास'! तलाठी परवडला.

कोकणातल्या माणसाला हे प्रकरण फोड करून सांगावं लागत नाही. विहीर एक, सातबाऱ्यावर नावं दोन. चिपला दोनच दारं, हेक्समध्ये २९५ आणि २९६. पहिल्या दारात कुठल्या खान्यातलं हवं ते सांगायचं, दुसऱ्या दारातून आकडा उचलायचा. मी 'तापमान' म्हणून दुसऱ्या दाराशी जाईपर्यंत फर्मवेअर येऊन 'पंखा' म्हणून गेलं, की माझ्या पदरात पंख्याचा आकडा. आपण कळशी सोडावी, पाठ वळताच चुलतभावाने ओढून न्यावी, तसलं. वाचताना फसगत चालते. लिहिताना झाली तर पंखाच थांबायचा. म्हणून कर्नल दुसऱ्याचं नाव दिसताच मुकाट मागे सरतो. खरं तर लिनक्स १९९१ चं, फर्मवेअरची ही एसीपीआय वहिवाट १९९६ ची. थोरला माघार घेतो! आमच्या भावकीत असं घडल्याचं ऐकिवात नाही.

मीही त्याच भावकीतला. बूटच्या ओळीत 'एसीपीआय_एन्फोर्स_रिसोर्सेस=लॅक्स' ठोकून दिलं. लॅक्स म्हणजे सैल. आमच्या भाषेत, 'बघतो कोण अडवतो ते.' आकडे आले. प्रोसेसर ५८ अंश, आणि आणखी एक सेन्सर चक्क १२७! त्या सेन्सरच्या पायाला बोर्डावर काही जोडलेलंच नव्हतं. तो आपला तोंडाला येईल ते बोलत होता.

काका डोकावले. "एकशे सत्तावीस? मग आठळ्या भाजायला ठेव की मेल्या." त्यांनी डब्यावर तळहात टेकला. "कोमट आहे." मग मागच्या जाळीवरून बोट फिरवलं. बोटाला जांभ्याची तांबडी धूळ, भाट्याच्या खाऱ्या वाऱ्याने धरलेला गंज आणि कोळ्याचं अख्खं बिऱ्हाड. केरसुणीच्या चार हिरांनी जाळी झाडली, तसे पंखे गप्प झाले.

रात्री मी 'लॅक्स' खोडून टाकलं. विहिरीची तारीख मात्र पुढच्या मंगळवारी आहे.