खुंटीची तब्येत ठणठणीत

समजा, नागपुरात सक्करदरा चौकाच्या आसपास एक एक्स-रे सेंटर आहे. नाव विचारू नका, असं सेंटर तुमच्याही गल्लीत सापडेल. तिथल्या खुंटीला किरणोत्सर्गाचा काडीचाही धोका नाही, हे वर्षानुवर्षं कागदोपत्री सिद्ध होत आलं आहे. टेक्निशियनच्या छातीवर हवा तो किरणांचा डोस मोजणारा टीएलडी बॅज खुंटीवर लटकतो. दर तीन महिन्यांनी तो प्रयोगशाळेत जातो. तिथे आतल्या चकत्या तापवतात, साठलेल्या किरणांच्या प्रमाणात त्या उजळतात, आणि खुंटीचा डोस शून्य निघतो.

‘‘बॅज काहून लावत नाही, भाऊ?’’

‘‘हरवला तं मलेच भराव लागते ना जी!’’

खरी कारागिरी पुढेच आहे. बॅजच्या गठ्ठ्यात एक कंट्रोल बॅज येतो. तो कोणी लावायचा नसतो, मशीनपासून लांब ठेवायचा असतो. जमिनीतून, विटांतून, आकाशातून सगळ्यांनाच जी नैसर्गिक किरणं मिळतात, तेवढी मोजून बाकीच्यांच्या आकड्यातून वजा करायला. आमच्या सेंटरात त्याचा मुक्काम मशीनशेजारच्या ड्रॉवरमध्ये! म्हणजे एखाद्या भाबड्या पोराने बॅज खरंच छातीवर लावला, तरी त्याला लागलेली किरणं पार्श्वभूमी म्हणून वजा. मालक छातीठोकपणे सांगतात, ‘‘आपल्याकडे रेडिएशनच नाही.’’ लीड एप्रनही आहे, घडी घालून कपाटात. घडीवर आतल्या शिशाला भेगा जातात, पण घडी दिसते छान.

मे महिन्यात तर एक्स-रेच्या खोलीचं शिसं लावलेलं दार सताड उघडं. काय करणार, कूलर एकच आणि बाहेर बाकावर पेशंट घामाघूम! सामान्य माणसाला वर्षाला १ मिलिसिव्हर्टची मर्यादा, कर्मचाऱ्याला पाच वर्षांची सरासरी २०, एका वर्षात फार तर ३०. पंचेचाळीस अंशांपुढे हे आकडे कोण वाचतो?

गंमत म्हणजे घाबरतो तो पेशंट, ज्याला छातीच्या एका फोटोत ०.१ मिलिसिव्हर्टही लागत नाही. दिवसभर बटण दाबणारा निर्धास्त, कारण त्याचा रिपोर्ट नॉर्मल आहे.

अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ पासून मुंबईत आहे, नियमही चोख आहेत. पण सक्करदऱ्यातलं दार लावायला मुंबईहून कोणी येणार नाही. तेव्हा बाकावर बसलात, तर नंबर विचारण्याआधी तेवढं दार लावायला सांगा.