काका, क्लच!

पन्नाशी उलटल्यावर मोटार शिकायला निघालेल्या माणसाला कुणी ‘का?’ असं विचारत नाही. ‘आता?’ असं विचारतात. त्या एका शब्दात तुमचं वय, तुमची तब्येत, विम्याचा हप्ता आणि डोंबिवलीतली रहदारी एवढं सगळं येऊन जातं. सोसायटीतल्या एका शुभचिंतकांनी तर ‘ऑटोमॅटिक घ्या ना’ असं सुचवलं, आणि तेही ज्या सुरात ‘आता कमोड बसवून घ्या’ म्हणतात, त्या सुरात. तिथेच ठरवलं, शिकेन तर क्लचवाली.

शिवाय क्लचवाली दारात उभीच होती. ती बायको चालवायची आणि मी शेजारी बसून तिला मदत करायचो. मदत म्हणजे, ‘डावीकडून घे’, ‘आता तिसरा टाक’, ‘जाऊ दे त्याला’ आणि लगेच, ‘त्याला कशाला जाऊ दिलंस?’ गाडी न येणाऱ्या माणसाचं गाडीविषयीचं ज्ञान फार निर्मळ असतं. त्याला अनुभवाचा डाग लागलेला नसतो. मला रस्त्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरची चूक दिसायची आणि ती मी काच वर असताना त्याला मोठ्याने सांगायचो. नातेवाइकांत माझी अशी ख्याती होती की, ‘त्यांना गाडी येत नाही, पण कळतं सगळं.’ ही ख्याती मी जिवापाड जपली होती.

मग बायकोचा खांदा आखडला. डावा. डॉक्टर म्हणाले, फ्रोझन शोल्डर आहे, सुटेल, पण महिने जातील. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे गिअर डाव्या हाताला. हाच खांदा अमेरिकेत आखडला असता तर माझी अब्रू वाचली असती. गाडी पार्किंगमध्ये धूळ खात पडली, बॅटरी उतरली, आणि एका रात्री जेवताना मी म्हणालो, “मी शिकतो.” बायकोने भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाली, “अहो, बघा बुवा.” या तीन शब्दांत जेवढं प्रोत्साहन मावतं, तेवढं मला मिळालं.

कागदावरची मोटार मला लगेच आली. चाळिशीनंतर सरकारला तुमच्या तब्येतीची शंका येते, म्हणून फॉर्म वन-ए भरून डॉक्टरांची सही आणावी लागते. ती आणली. चिन्हांच्या परीक्षेत माझा हात धरणारं कुणी नव्हतं. लाल कडेचा त्रिकोण सावध करतो, वर्तुळ हुकूम सोडतं, उलटा त्रिकोण दिसला की दुसऱ्याला आधी जाऊ द्यायचं. हाताचे इशारेसुद्धा पाठ. डावीकडे वळायचं असेल तर उजवा हात खिडकीबाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा. डोंबिवलीत असा हात फिरवताना मी कुणाला पाहिलेलं नाही. रिक्षावाले डावीकडे वळताना डावा पाय बाहेर काढतात, पण तो इशारा पुस्तकात नाही. लर्निंग लायसन्स हातात आलं तेव्हा मला खरोखर वाटलं, मुख्य काम झालं, आता हातपाय हलवायचे तेवढे राहिले.

हातपाय हलवायला शिकवणारा मुलगा चोविसेक वर्षांचा असेल. तो मला ‘काका’ म्हणायचा आणि मी त्याला ‘सर’. सकाळी सहाला एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यांवर आमची गुरुकुलपद्धती सुरू व्हायची. उपदेश एकच. “काका, क्लच.” थोड्या वेळाने, “काका, क्लच!” आणि घरडा सर्कल जवळ आलं की, “ओ काका, क्लच, क्लच, क्लच!” त्यात तो एका हाताने फोनवर पुढच्या विद्यार्थ्याला ‘निघालोच’ सांगत असायचा.

तरी पहिला आठवडा फार सुखात गेला. गाडी वळत होती, थांबत होती, खड्ड्यापाशी आपोआप हळू होत होती. घरी मी गंभीरपणे सांगितलं, “मला वाटतं, माझ्यात ते उपजत आहे.” मग एके सकाळी या मुलाने चपला काढल्या आणि सीटवर मांडी घातली. त्याच क्षणी गाडीला हिसके बसायला लागले, ती दोनदा शिंकली आणि भर रस्त्यात बंद पडली. मी विचारलं, “सर, काही बिघाड?” तो म्हणाला, “नाही काका. आता तुम्ही चालवताय.” शिकवण्याच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो, हे मला ठाऊक होतं. तो ते इतक्या मनापासून वापरत होता, हे ठाऊक नव्हतं.

भीती बसली ती तिथे. तळहाताला घाम, क्लचवरचा पाय शिवणयंत्रावर असल्यासारखा थडथडतोय, आणि समोरून येणारा प्रत्येक टँकर माझ्याच नावाने निघालेला. लोकलच्या दारात लोंबकळत तीस वर्षं काढलेला मी माणूस. पाठीवर बॅग, एका हातात दांडी आणि बाहेर खांब सटासट जाताहेत, अशा अवस्थेत मी डुलक्या काढलेल्या आहेत. तो मी आता रात्री झोपेत गादी दाबायचो. सकाळच्या गाडीत दिवा स्टेशन आलं की माझा डावा पाय खाली जायचा. पुढे उभ्या असलेल्या गृहस्थांनी एकदा वळून विचारलं, “काय हो, मुंग्या आल्या का?”

अशा वेळी सुशिक्षित माणूस जे करतो तेच मी केलं. क्लासला दांड्या मारल्या आणि वाचायला बसलो. लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं, पक्क्या लायसन्सची परीक्षा तीस दिवसांनंतर देता येते. म्हणजे मधले पाच महिने सरकारने मोटारींच्या इतिहासाच्या अभ्यासासाठी ठेवलेले आहेत, असा मी अर्थ काढला.

त्या अभ्यासात मला बर्थाबाई भेटल्या. बर्था बेंझ. १८८८ सालच्या ऑगस्टमध्ये ही ३९ वर्षांची बाई नवऱ्याने बनवलेली मोटार काढून, त्याला न सांगता, जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्ट्सहाइमला निघाली. कुठे, तर माहेरी! हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो. जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास कुणा संशोधकाने केलेला नाही, सरदाराने नाही. तो एका बाईने मुलांना घेऊन माहेरी जाण्यासाठी केला. बरोबर पंधरा आणि तेरा वर्षांची दोन पोरं, अंतर शंभरेक किलोमीटर, गाडीला चाकं तीन आणि स्टिअरिंगच्या जागी एक दांडा. पेट्रोल पंप तर जन्माला यायचा होता. वीसलोख नावाच्या गावी बाईंनी औषधाच्या दुकानातून लिग्रोइन घेतलं, जे लोक एरवी डाग काढायला नेत. ते दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून मिरवतं. इंधनाची नळी तुंबली, तर टोपीची पिन घालून मोकळी केली. तार उघडी पडली, तर मोज्याचा पट्टा काढून गुंडाळला. ब्रेक झिजले, तर चांभाराला गाठून त्यांना चामडं ठोकून घेतलं. चढावर पोरांना उतरवून गाडी ढकलायला लावली. संध्याकाळी पोचल्याची तार नवऱ्याला केली आणि परत आल्यावर बजावलं, चढासाठी आणखी एक गिअर हवा.

म्हणजे माझ्या क्लेशांतला एक गिअर बर्थाबाईंचा आहे. तरी मला त्यांचा राग आला नाही. उलट मी महिनाभर दिसेल त्याला बर्थाबाई सांगत सुटलो. कचेरीत सांगितली, वॉचमनला सांगितली, वधूवरांच्या बैठकीत मुलाकडच्यांना सांगितली. नवऱ्याकडे रस्त्यावर गाडी चालवायची लेखी परवानगी तरी होती आणि तेच जगातलं पहिलं लायसन्स मानतात. बाईंकडे तेही नव्हतं, हे मी आवाज खाली आणून सांगत असे. शेवटी बायको म्हणाली, “त्या बाईला क्लास लावायला लागला नव्हता ना? मग तुम्ही लावलेल्या क्लासला जा.”

गेलो. पण एक गोष्ट त्या पुस्तकात कुणी लिहिलेली नव्हती आणि ती मला कोपर पुलावर उमगली. चढावर रांग थांबली होती. मी हँडब्रेक ओढला. पुढचा रिक्षावाला हलला. आता क्लच हळूहळू सोडत आणायचा, एका जागी इंजिनाचा आवाज खाली बसतो, बॉनेट जरासं उचलतं, तिथे पाय धरून ठेवायचा, थोडं अॅक्सिलरेटर, मग हँडब्रेक खाली. हाफ क्लच म्हणतात तो हाच. मला पाठ होता. मी पाय सोडला आणि गाडी बंद पडली. मागून हॉर्न. चालू केली, बंद पडली. दोन हॉर्न. मग सगळा पूल वाजायला लागला. आणि मला कळलं की बर्थाबाई शंभर किलोमीटर जाऊ शकल्या, कारण त्यांच्या मागे हॉर्न वाजवायला रस्त्यावर दुसरी मोटारच नव्हती.

इथे मी जरा चिडून लिहिणार आहे. गाडीच्या मागे तांबडा ‘एल’ कशासाठी लावतात? मागच्याला कळावं म्हणून, की पुढे बसलेला माणूस शिकतोय. आपल्याकडे तो पाहून लोक मागचं अंतर आणखी कमी करतात. काका आहेत, दाबा! हॉर्नने बंद पडलेलं इंजिन चालू झाल्याचं एकही उदाहरण नाही, तरी पाच सेकंद कळ निघत नाही. यातले सगळे कधीतरी शिकले आहेत. सगळ्यांच्या गाड्या कुठल्या ना कुठल्या चढावर बंद पडलेल्या आहेत. पण आपल्याकडे शिकायचं ते विशीत, आणि लपूनछपून. पन्नाशीच्या माणसाने भर पुलावर एखादी गोष्ट येत नसल्याचं दाखवणं हा असभ्यपणा आहे. मला टँकरखाली जाण्याची भीती होती, असं मी सगळ्यांना सांगत होतो. ती नव्हतीच. भीती होती ती शेजारच्या स्कूटरवरची पोरगी हसेल याची. ती हसलीही.

तिसऱ्या की चौथ्या वेळी मी किल्ली फिरवलीच नाही. मांडीवर हात ठेवून बसून राहिलो. म्हटलं, वाजवा. निर्लज्जम् सदासुखी हे लहानपणापासून ऐकत आलो, पण घरात ते नेहमी दुसऱ्याला उद्देशून म्हटलं जायचं. आपल्याला लागू करून पाहिलं नव्हतं. पूल वाजत राहिला, मी दोन श्वास घेतले, पाय सावकाश सोडला, बॉनेट उचललं, आणि गाडी चढली. मुलगा म्हणाला, “काका, आता कसं!” त्याचे पाय बघून घेतले. मांडीच होती.

पुढची परीक्षा वगैरे यथासांग झाली. रिव्हर्स घेताना एक खांब जवळ आला होता, इतकंच. खरी परीक्षा घरची. बायकोला फिजिओथेरपीला न्यायचं होतं आणि ती पहिल्यांदा डावीकडच्या सीटवर बसली. माझ्या सीटवर.

इथे मला वडिलांच्या शेवटच्या आजारातली एक रात्र सांगावी लागेल. पाऊस, कल्याण-शीळ रस्ता, दोन वाजून गेलेले. मी मागे बसलो होतो, त्यांचं डोकं माझ्या मांडीवर, आणि तरीही माझं चालूच होतं, ‘जोरात घे’, ‘उजवीकडून काढ’, ‘कंटेनरच्या मागे कशाला राहिलीस?’ इतक्या वर्षांत ती मला कधी उलट बोलली नव्हती. त्या रात्री आरशात न बघता एवढंच म्हणाली, “अहो, तुम्ही त्यांचा हात धरा. गाडी मी बघते.” मी हात धरला. तिने गाडी वेळेत पोचवली. त्या रात्री तिलाही भीती वाटली असेल, हा विचार माझ्या डोक्यात पहिल्यांदा कोपर पुलावर आला, म्हणजे काही वर्षं उशिराच.

तर ती माझ्या सीटवर बसली. मी वाट पाहत होतो. ‘डावीकडून घ्या’ नाही, ‘तिसरा टाका’ नाही. फक्त प्रत्येक वळणावर तिचा उजवा पाय खालचं मॅट दाबत होता, जिथे ब्रेक नाही तिथे. टिळक पुतळ्यापाशी मी न राहवून म्हटलं, “बोल की काहीतरी.” ती म्हणाली, “काय बोलू? हिरवा झालाय.”

आता तिचा खांदा मोकळा झालाय आणि गाडीच्या किल्लीवरून घरात रोज वाद होतात. ती चालवते तेव्हा मी गप्प बसतो, असं मी सांगतो. तिचं म्हणणं वेगळं आहे. पन्नास ते पंचावन्नमध्ये लायसन्स काढणाऱ्याला सरकार ते साठीपर्यंतचं देतं. तोवर कोपर पुलाच्या चढावर पुढची गाडी बंद पडलेली दिसली, तर कृपा करून पाच सेकंद हॉर्न वाजवू नका. वाजवलात तरी चालेल. मी ऐकत नाही.