राणीसाहेबांचा केशसंभार

प्राचीन इजिप्तचा राजपुत्र राहोतेप आणि त्याची बायको नोफ्रेत गेली सुमारे साडेचार हजार वर्षं शेजारीशेजारी बसून आहेत. हल्ली मुक्काम कैरोच्या संग्रहालयात. त्याला बारीक, कोरीव मिशी. तिच्या डोक्यावर केसांचा घसघशीत टोप आणि त्यावर फुलांची पट्टी. पण तिच्या कपाळाकडे नीट बघा. टोपाखालून तिचे स्वतःचे केस डोकावतात, मधोमध भांग पाडलेले. शिल्पकाराची नजरचूक म्हणावी, तर डोळ्यांत स्फटिक बसवणारा गडी इथेच बरा डुलकी काढेल! टोप घातलाय हे चारचौघांना कळावं, म्हणूनच ते केस रंगवलेत. आपल्याकडे विग ओळखू आला की अब्रू जाते. तिकडे ओळखू आला नाही, तर पैसे पाण्यात.

आणि पैसे तर लागतच. खऱ्या माणसांचे केस, शेकडो बारीक वेण्या, त्या बसवायला मधमाश्यांचं मेण आणि राळ. त्यात पुन्हा फॅशन बदलायची. बाराव्या राजवंशातल्या दुसऱ्या एका नोफ्रेत राणीच्या पुतळ्यात दोन जाडजूड बटा छातीवर उतरून टोकाशी गोल वळल्या आहेत आणि त्या भारापुढे कान बिचारे सुपासारखे बाहेर आलेत. पुढे अखेनातेन राजाच्या काळात आखूड, थराथरांचा न्युबियन टोप आला. मूळचा तो न्युबियन सैनिकांच्या केसांवरून घेतलेला म्हणतात. पहाऱ्यावरची फॅशन थेट राणीवशात!

बर्लिनमधलं तिये राणीचं लाकडी मस्तक वीतभरसुद्धा नाही, पण तोरा काय वर्णावा! आधी तिला चांदीचं शिरोवस्त्र आणि कानांत सोन्याचे दागिने होते. नंतर कुणीतरी त्यावरच निळ्या काचमण्यांचा टोप चढवला. आतले दागिने तसेच राहिले. क्ष-किरणांनी ते पुन्हा उजेडात आणले.

आता ममींकडे वळू, कारण ममीला शिल्पकाराची भीडभाड नसते. अहमोस-नेफरतारी ही मोठ्या मानाची राणी, पुढे देवी म्हणून पुजली गेलेली. तिचे केस अगदी विरळ झाले होते. तिला निरोप देणाऱ्यांनी त्यात माणसाच्या केसांचं गंगावन गुंफून दिलं. उलट तियेच्या ममीचे केस लांबसडक, दाट, स्वतःचे. तिच्या केसांची एक बट तर नातू तुतनखामेनच्या थडग्यात तिच्या नावानिशी जपलेली सापडली. म्हणजे केस नव्हते तिनेही उसने घेतले आणि भरपूर होते तिच्याही मस्तकावर टोप चढला. तेव्हा पुतळ्यावरून राणीचे केस कसे होते, हे ठरवायला जाऊ नका. तिची ऐपत किती होती आणि त्या वर्षी काय चालत होतं, एवढंच तो पुतळा खात्रीने सांगतो.